चौदा फोटो, एकही हललेला नाही

वेळ : सकाळी सहा बावन्न

पाखरं हवेत थांबली होती.

अरिबाला पहिल्यांदा दिसलं ते एवढंच. आणि तिने जे केलं ते तिच्या जागी कुठल्याही पक्षीवेड्या मुलीने केलं असतं. श्वास रोखला, एक गुडघा ढेकळांत टेकवला, कॅमेरा डोळ्याला लावला.

भारीट. काळ्या डोक्याचे भारीट. पोट पिवळंधम्मक, पाठ विटकरी, डोक्यावर काळी टोपी. हिवाळाभर ही पाखरं आपल्याकडे दाणे टिपत हिंडतात आणि उन्हं तापायला लागली की थव्याथव्याने वायव्येला निघतात, इराणकडे, त्याच्याही पलीकडे. रावेरच्या शिवारात त्यांचा मुक्काम चार-सहा दिवसांचा. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत अरिबा त्यांच्या मागे होती. तिन्ही वर्षांची कमाई म्हणजे एक शेपूट, दोन पिवळे ठिपके, आणि ज्यांच्यावरून पाखरू आत्ताच उडालं आहे अशा कणसांचे ढीगभर फोटो. तिचा चुलतभाऊ उमर लग्नांचे फोटो काढतो. हा कॅमेरा त्याचाच जुना. तो म्हणायचा, "तुझ्या पाखरांपेक्षा माझे नवरदेव बरे. हलू नको म्हटलं की हलत नाहीत."

आज पाखरं हलत नव्हती.

पहिला फोटो : सात पाखरं, एकाखाली एक.

दुसरा : नर. पंख पूर्ण उघडे. पीस न पीस वेगळं मोजता येईल.

तिसरा, चौथा, पाचवा : तोच नर. जवळून, आणखी जवळून.

सहाव्याला ती हसत होती. नवव्याला तिच्या डोळ्यांसमोर जळगावच्या कॉलेजातल्या सुलक्षणा मॅडम आल्या, चष्मा कपाळावर ढकलून "हे तू काढलेस?" म्हणणाऱ्या. अकराव्याला ऊन केळीच्या पानांवरून सरकून बरोबर पाखरांवर आलं, जणू कुणी दिवा धरला.

चौदावा.

चौदाव्यात नराने डोळा मिटला. सावकाश. आणि उघडला.

कॅमेरा अजून डोळ्यालाच होता. त्या चौकटीत, तो डोळा तिच्याकडे बघत असताना, तिला कळलं की पाखराचं डोकं खाली आहे आणि पाय वर. कळलं की एवढा वेळ पंख उघडे ठेवून कुठलंच पाखरू थांबत नाही. पंखाच्या कोपरावर केसासारखं काहीतरी चमकलं.

तिने कॅमेरा खाली घेतला. वाऱ्याची झुळूक आली आणि सगळी पाखरं एकदम मागे गेली. एकदम पुढे आली.

जाळी तिथे आहे हे तिला माहीत होतं. तिनेच निवडली होती. दिसू नये म्हणून निवडली होती.

ती दिसली नाही.


ठिकाण

मॅडमनी वहीत रकाने आखून दिले होते. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या, वागणूक, शेरा. ठिकाण म्हणजे गिरधर नानांचं वावर, रावेरहून पाच-सहा किलोमीटर, सातपुड्याच्या अंगाला. तिन्ही बाजूंना केळी आणि मधे दोन एकर दादर, म्हणजे आपली खानदेशातली हिवाळी ज्वारी. यंदा पेरणीला उशीर झाला म्हणून मार्च उजाडला तरी उभी. आजूबाजूच्या दादरी कापून झालेल्या. साहजिकच मुलुखातली सगळी पाखरं नानांच्या पाहुणचाराला.

अरिबाला घरून परवानगी होती ती याच वावराची. नाना तिच्या अब्बांच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. जहांगीरभाईंचं स्टेशन रोडला दोर-जाळीचं दुकान; केळीचे घड बांधायचा दोर, सुतळी, जाळ्या, ताडपत्री. "नानांकडे जा. दुसरीकडे कुठे नको," अब्बा म्हणाले होते.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. नाना माळ्यावर चढून गोफणीने दगड मारत होते. खाली बसलेल्या अरिबाचा प्रत्येक दगडाला जीव जात होता.

"नाना, लागेल ना त्यांना."

"लागाले तं मारतो. मंग काय आरती करू?"

"जाळी लावा ना नाना. आमच्या दुकानात आहे. ती येतात त्या दोन बाजूंना बांबू रोवून उभी करायची. दगड नको, फटाके नको. पाखरं येतील, बघतील, दुसरीकडे जातील."

नानांनी गोफण गुंडाळली. चार-सहा दिवस विचार केला आणि होकार दिला. दुकानात अब्बांनी दोन जाळ्या काढून ठेवल्या. एक हिरवी, जाड दोऱ्याची. दुसरी तंगुसाची, पारदर्शक, मासे धरणाऱ्यांसाठी आणलेली आणि तशीच पडून राहिलेली.

"हिरवी मजबूत," अब्बा म्हणाले.

"अब्बा, हिरवी फोटोत येईल."

अब्बा हसले. पोरीचे हट्ट. नानांना मात्र अरिबाने वेगळंच सांगितलं होतं. सांगितलं होतं, ही स्वस्त पडते.

मग चार दिवस दुपारी अम्मी आणि ती, दोघी अंगणात बसून जाळीच्या कडांना दोर ओवत होत्या. आमच्या घरची जाळी कडेला कधी फाटत नाही, हा अम्मीचा अभिमान. दर वितीवर एक गाठ. जाळी लागली तो रविवार. त्या संध्याकाळी अरिबाने एक फोटो काढला. सोनेरी उन्हात डोलणारी दादर, एकही पाखरू नाही आणि जाळीचा मागमूस नाही. अब्बांना तो इतका आवडला की त्यांनी तो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'पाखरांना मारू नका. जाळी लावा.'

सोमवारी अरिबा प्रात्यक्षिक परीक्षेला जळगावला गेली. परत आली ती शनिवारी रात्री. आणि हा रविवार.


संख्या

"अक्का! अक्का! विळा आणा!"

बेबाबाई, म्हणजे नानांच्या घरच्या, खळ्याकडून धावत आल्या. एका हातात विळा आणि दुसऱ्या हातात, काय झालं हे माहीत नसल्यामुळे, पाण्याचा तांब्या.

"काय झालं व माय? साप?"

अरिबाने हात केला. बेबाबाईंनी बघितलं. त्यांना लगेच दिसलं, कारण त्या कॅमेऱ्यातून बघत नव्हत्या.

"अगं बाई. आज एवढे?"

आज.

अरिबाने तो शब्द ऐकला, पण तो पुढे कुठे गेला नाही. ती पहिल्या पाखराशी होती. तंगूस पंखाच्या मुळाशी दोनदा फिरलेला, मग मानेभोवती, मग पायाच्या बोटांतून. पाखरू मुठीत मावत होतं आणि मुठीत एक यंत्र धडधडत होतं. कुठून कापायचं तेच दिसेना. उन्हाकडे धरलं की दोरा दिसे, हाताची सावली पडली की नाहीसा होई. विळ्याचं टोक पिसांत घालायला हात धजेना. शेवटी तिने दातांनी तोडला. रोजा होता, तोंडात पिसाची बारीक लव आली ती थुंकायची की नाही, हा प्रश्न तिला त्या क्षणी पडला आणि इतका महत्त्वाचा वाटला की ती काही सेकंद तशीच उभी राहिली.

"इकडे दे," बेबाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर पाखरावर टाकला, डोकं झाकलं, पाखरू शांत झालं. "तू तोड. मी धरते."

असं सुरू झालं.

जिवंत. जिवंत. मेलेलं. जिवंत, पण पाय. मेलेलं. मेलेलं. मादी, मेलेली. मेलेलं. मेलेलं. धोबी, म्हणजे शेपूट हलवत चालणारं ते पाखरू, मेलेलं. जिवंत. जिवंत म्हणून हातात घेतलं आणि हातात. मेलेलं. गळ्यावर निळा पट्टा असलेला शंकर पक्षी, जो दिसला तर ती दिवसभर खूश असायची, तो तिला जमिनीपासून वीतभर उंचीवर सापडला. त्याला सोडवायचा प्रश्न नव्हता.

खाली डोकं करून लटकलेला तो नर. चौदाव्या फोटोतला. तो अजून बघत होता. त्याला सोडवायला सात मिनिटं लागली. सोडवला तेव्हा तो तिच्या तळहातावर उताणा पडून राहिला. मग एकदम उडाला, सरळ, जोरात, दुसऱ्या बाजूच्या जाळीत.

अरिबाच्या तोंडून जो आवाज आला तो बेबाबाईंनी आधी कधी ऐकला नव्हता. त्या दुसऱ्या जाळीकडे पळाल्या.

नाना आले तेव्हा साडेआठ झाले होते. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या वरच्या दोरापासून उभ्या कापत गेले. अम्मीच्या गाठी कापल्या जाईनात, तिथे त्यांनी बांबूच उपटला.

बांधावर केळीचं पान पसरलं होतं. त्यावर बावन्न. उडून गेलेले एकवीस. टोपलीत, पदराच्या फडक्याखाली, न उडू शकणारे सहा.

"आज एवढे म्हणजे?" अरिबाने विचारलं. तिला तो शब्द आत्ता ऐकू आला.

बेबाबाई पान बघत होत्या. "दोन-चार तं रोजच सापडत व्हते. मी काढून टाकत व्हती नाल्यात. काल संध्याकाळी नवा थवा आला, त्याच्यानं आज..."

"मला सांगितलं का नाही?"

"तुही परीक्षा व्हती ना व बाई."

नाना डोक्याला रुमाल बांधत होते, सोडत होते, परत बांधत होते. "माहीच चूक हाये," ते म्हणाले. "स्वस्त म्हनून घेतली. जाड घेतली असती तं पाखराले दिसली असती. पैशाकडे पाह्यलं आन्..."

अरिबाने तोंड उघडलं.

नाना थांबले.

तिने तोंड मिटलं आणि टोपली उचलली.


वागणूक

दुकान नुकतंच उघडलं होतं. अब्बा दोरांची भेंडोळी बाहेर मांडत होते. अरिबाने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर दुसरा फोटो.

अब्बांनी चष्मा लावला. चेहरा उजळला. "माशाअल्ला! काय साफ आलाय! अरे उमर, इकडे ये, बहिणीने बघ काय काढलंय."

समोरच्या टपरीवर उभा असलेला उमर आला. "ओ हो हो. शार्प. एकदम शार्प. शटर किती ठेवलंस?"

अरिबा त्या दोघांकडे बघत राहिली. ती अशीच हसली होती. सहाव्या फोटोला. तिने बटण दाबलं, चित्र मोठं केलं. आणखी मोठं. पंखाचं कोपर. त्याच्यावरचा केस.

आधी उमरला कळलं.

अब्बांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग ते भेंडोळ्यावर बसले. बसायची जागा नव्हती ती. भेंडोळं घरंगळलं, दोर रस्त्यावर उलगडत गेला, आणि कुणीच तो आवरला नाही.

"ही आपली आहे," ते म्हणाले.

"हो."

"किती?"

"बावन्न. टोपलीतली आता पाच उरलीत."

"बेटा, हे..." त्यांनी खिशातला मोबाइल चाचपला. "आपण तर मारू नका म्हणून..."

"अब्बा, हिरवी फोटोत येईल म्हणून मी ही घ्यायला लावली. तुम्ही हिरवी म्हणाला होता."

अब्बांनी मान हलवली. ऐकल्याची की नाकारल्याची, कळलं नाही. ते दुसरंच काही आठवत होते आणि ते आठवताना त्यांचा चेहरा बदलत गेला. अरिबाने पहिल्यांदा बघितलं की तिच्या बापालाही घाबरता येतं.

"माझं ते स्टेटस," ते म्हणाले. "फोटो बघून लोक आले. हीच पाहिजे म्हणाले. न दिसणारी. मासेवाल्यांची सगळी गेली. आणखी मागवली, तुझ्या अम्मीने कडा ओवल्या, तीही गेली."

"किती जणांनी नेली?"

"नऊ."

नऊ वावरं. भारिटांचे थवे याच आठवड्यात निघतात. दक्षिणेकडून येतात, ज्याच्याकडे उभं पीक दिसेल तिथे उतरतात, पोट भरतात, पुढे जातात. नानांकडे एका रात्रीत एकोणऐंशी. अरिबाने नऊने गुणायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं.

अब्बांनी फोन काढला. स्पीकरवर ठेवला. तोच तोच मजकूर, दर वेळी आधीपेक्षा हळू आवाजात. भाऊ, जाळी काढून टाका. आजच्या आज. मी दुसरी देतो, जाड. हो, माझ्याकडून. पलीकडून आलं ते असं.

"जहांगीरभाई, दिलेला माल परत मागणारा दुकानदार पहिल्यांदा पाहिला."

"पाखरं मरतात? मरू द्या ना भाऊ. तुमचं काय जातं?"

"काढतो, काढतो. मजूर आला की काढतो." "कधी येईल?" "मजूर का माह्या सांगण्यात हाये?"

"काल एक घुबड सापडलं. आमच्या म्हातारीनं घरातून पाय बाहेर ठेवला नाही तेव्हापासून. आत्ताच कापतो."

"बरं झालं फोन केला. मी म्हटलं कोणाले सांगू."

"लीलाधर बोलतोय. दादर काढायला चार दिवस आहेत. चार दिवसांनी बोलू."

लीलाधरभाऊंच्या वावरात अब्बा स्वतः गेले, दुकान उघडं टाकून, उमरच्या मोटारसायकलवर मागे बसून. परत आले तेव्हा त्यांच्या हातांना तंगुसाचे काप होते. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. इफ्तारच्या वेळी खजूर उचलताना त्यांची बोटं मिटत नव्हती, ती अम्मीने धरून बघितली. ती बोटं सोडून तिने आपल्या हातांकडे बघितलं. दर वितीवर एक गाठ.

सोमवारी सकाळपर्यंत आठ जाळ्या निघाल्या. नववी नरडाण्याची. धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याच्या बाजूला. उमर तिकडे एका लग्नाला गेला होता तेव्हा फोटो दाखवून त्यानेच विकली होती, निंबा आबा नावाच्या म्हाताऱ्याला. आबांचा फोन लागत नव्हता. वाजतच नव्हता.

"चल," अरिबा म्हणाली.

उमरने कॅमेऱ्याची बॅग उचलली.

"ती नको."


वेळ : दुपार, पॅसेंजर

भुसावळला गाडी बदलली. अमळनेर गेलं. खिडकीतून कापलेली वावरं, कापलेली वावरं, मधेच एखादं उभं, आणि प्रत्येक उभ्या वावराला तिचे डोळे त्याच्या कडांना बांबू शोधत. आता तिला सगळीकडे जाळी दिसत होती. तारांवर बसलेला कोतवाल लटकलेला दिसत होता. तो उडाला तेव्हा ती दचकली.

तिने नानांना फोन लावला.

"नाना, एक सांगायचं होतं. ती जाळी स्वस्त म्हणून नव्हती."

"मंग?"

"हिरवी फोटोत आली असती. म्हणून मी ही दिली. तुम्हाला खोटं सांगितलं."

गाडी पुलावरून गेली. पुलाचा आवाज संपला तरी पलीकडे काही नाही.

"फोटोत दिसू नाही म्हनून?" नाना म्हणाले.

"हो."

"म्हंजे माह्या दादरीसाठी नाहीच ती."

"नाही."

 मग, "गाडीत हायेस ना? खिडकीबाहेर हात नको ठेवू," आणि फोन बंद.


शेरा

नरडाण्याला उतरून रिक्षा, मग पायवाट. पाच वाजून गेले होते. उमर पुढे, त्याला रस्ता नीट आठवत नव्हता पण तसं तो कबूल करत नव्हता. एका नाल्याच्या वळणावर तो थांबला.

"ते बघ. तेव्हा नव्हतं गं असं."

पुढे दादरीचं वावर होतं आणि वावराच्या कडेने लग्नघर असावं तसं काहीतरी. लाल, जांभळ्या, पोपटी चिंध्या. वीत वीत, दोन दोन वीत, शेकडो. हवेत आपोआप टांगलेल्या, फडफडणाऱ्या. जवळ गेल्यावर कळलं, जाळीला बांधलेल्या. एका चौकोनात एक, एक सोडून एक. आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर उभा असलेला, पांढऱ्या टोपीतला, हाडकुळा म्हातारा.

"कोन शे?" म्हातारा मागे न बघता म्हणाला.

"आबा, मी उमर. जाळीवाला. रावेरचा."

"मंग ये. स्टूल धर. हालस तो."

उमरने स्टूल धरलं. अरिबा जाळीच्या कडेने चालत गेली. ती एकेक चौकोन बघत होती. पाखरू नव्हतं. खाली बघितलं, पिसं नव्हती. ती दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"आबा," तिने विचारलं, "ह्या चिंध्या का बांधल्या?"

आबांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. प्रश्न समजला नाही असं त्यांचं तोंड झालं.

"का म्हंजे? पाखरूले दिसाले पायजे ना."

तिने एक लाल चिंधी बोटांत धरली.

"पह्यले दिन सात अटकनात," आबा पुढची गाठ मारत म्हणाले. "मी म्हनं, हाई काय शे? दिसनं नही ते अटकनच ना. माणूस बी अटकस. मंग बायकोनं जुनं लुगडं फाडं. तवपासून एक बी नही. येतस, दखतस, चालना जातस." त्यांनी खाली बघितलं. "काबर व? तुमनाकडे असं नही करत?"

सात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा आकडा बघून एक जुनं लुगडं. मागवायला नको, फोन करायला नको, कॉलेजात जायला नको. अरिबा तीन वर्षं पक्षी शिकत होती. पाखराचा डोळा कसा असतो, त्याला माणसापेक्षा किती जास्त रंग दिसतात, हे तिने परीक्षेत सहा गुणांसाठी आकृतीसकट लिहिलं होतं. गेल्याच आठवड्यात लिहिलं होतं. जाळी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

 ती बांधावर बसली नाही. बांधाच्या अलीकडेच, पाण्याच्या पाटात बसली. पाट कोरडा होता म्हणून बरं.

"तिले काय व्हयनं? पानी पाज तिले."

"रोजा आहे आबा," उमर म्हणाला.

"मंग सावलीमा बसाड." आणि मग, जरा वेळाने, तक्रारीच्या सुरात, "बसी राहू नका रे दोन्हीजन. चिंध्या सरी गयात. ती बाजू बठ्ठी बाकी शे, आन् आते येतीन ते."

"कोण येतील?"

"पिवळा. रोज सहा वाजाले येतस. त्या बाभूयवरतून."

अरिबाने घड्याळ बघितलं. पाच एकावन्न. तिने त्या बाजूकडे बघितलं. नाल्याकडची बाजू, चाळीस पावलं लांब. आज सकाळीच आबांनी उरलेली जाळी ओढून लावलेली, एकही चिंधी नसलेली. तिला ती दिसलीच नाही. बांबू दिसले. मधे नुसतं संध्याकाळचं ऊन.

"काढूया," ती उठत म्हणाली. "आबा, ती बाजू काढूया."

"अरे, आठ बांबू शेतस. सहा वाजाले काय निंघस?"

ती धावली. उमर धावला. पहिल्या बांबूशी तिने वरचा दोर सोडायला घेतला आणि बोटांना गाठ लागली. दर वितीवर. फाटू नये म्हणून. नखं लावली, दात लावले. उमरने रुमाल काढून दोन तुकडे केले आणि बांधले. रुमाल संपला. त्याने इकडेतिकडे बघितलं, शर्ट काढला, बाही उसवायला लागला. ती उसवेना, लग्नात मिळालेला चांगला शर्ट होता.

"ऊनात!" आबा ओरडले. म्हणजे आले.

बाभळीच्या पलीकडून थवा वर आला. शंभर, दीडशे. उन्हात पोटं पेटल्यासारखी. एकत्र वळले, एकत्र खाली झुकले, आणि रंगीत बाजू बघून एकत्र पुन्हा वर उचलले गेले. अरिबाने आयुष्यात एवढे भारीट एकदम बघितले नव्हते. ते वावराला वळसा घालून नाल्याकडे आले. मोकळ्या बाजूकडे. तिच्या डोक्यावर. इतके खाली की पंखांचा आवाज आला, आणि आवाजात एक लांबट, गोड, निघायच्या दिवसांतलंच त्यांचं गाणं.

अरिबा जाळीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरले, आणि ओरडली.

"हाऽऽऽ! हाऽऽऽ हाऽऽ! जा! जा ना!"

आवाज फाटला. तिने ओढणी काढून डोक्यावर गरगरा फिरवली. ढेकूळ उचललं, थव्याच्या मधोमध भिरकावलं. दुसरं उचललं. उघडाबंब उमर शर्ट फडकवत शेजारी नाचत होता. पाखरं फुटली, डावीकडे गेली, पुन्हा जुळली, पुन्हा खाली आली. ती जाळीच्या कडेने पळत होती, ठेचकाळत होती, उठत होती. "जा! मरा तिकडे! जा!" तिसरं ढेकूळ एका पाखराच्या अंगाला चाटून गेलं. तिने ते बघितलं आणि चौथं उचललं.

थवा वर गेला. बाभळीच्याही वर. तिथे क्षणभर घोळला आणि मग वायव्येला, नाल्यापलीकडच्या माळावर, पातळ होत होत गेला.

दोन आले नाहीत वर. ते जाळीत होते, जमिनीपासून हातभर उंचीवर, एकाशेजारी एक. फडफडत होते.

अरिबा त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसली. घसा असा झाला होता की आवाजच नव्हता. तिने ओढणी पहिल्या पाखरावर टाकली, डोकं झाकलं, आणि दोरा दातांत धरला.

"अरे," मागून आबा येत होते, स्टूल ओढत, "ती वढनी फाड आते. आखो परत येतीन ते."